पहिल्या आठवड्यात आपण कुठे असतो?

चित्रपट पडला, पण पुढे लोकांनी डोक्यावर घेतला, अशा गोष्टी सिनेमावाले मोठ्या कौतुकाने सांगतात. राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये आपटला, आज त्याची गणना थोर चित्रपटांत होते. अशा सिनेमाला 'कल्ट' म्हणतात. हा शब्द आमच्या वस्तीला माहीत नव्हता, तेव्हापासून आमच्याकडे असा एक सिनेमा आहे.

जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. पैसा केंद्र आणि महाराष्ट्र सरकारचा. १९९८ सालचे तीन राष्ट्रीय पुरस्कार: सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट, अभिनयासाठी मामुट्टी, कलादिग्दर्शनासाठी नितीन देसाई. आणि वितरण? तमिळ आवृत्ती चित्रपटगृहात लागायला २०१० चा डिसेंबर उजाडला. आमच्या भागात तर तो कधी आला, कधी गेला, कळलेही नाही.

नागभीडला आम्ही तो पाहिला सीडीवर. विहारासमोर भाड्याचा टीव्ही, खाली ताडपत्री. सीडी अडकली की शर्टाला पुसून पुन्हा लावायची. दीक्षेच्या प्रसंगाला म्हाताऱ्या बाया हात जोडून उभ्या राहायच्या. त्यांच्यातल्या काहींनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला खुद्द बाबासाहेबांकडून दीक्षा घेतलेली. त्यातली एक दरवर्षी टीव्हीला दुरुस्ती सांगायची, "गर्दी याच्याहून जास्त होती बाबू."

तिकीटखिडकीच्या हिशेबात ही आजी कुठेच नाही. ज्यांनी आपल्यापर्यंत खिडकीच आणली नाही, त्यांनीच त्या खिडकीवर मोजून सिनेमा 'पडला' म्हणायचे!

इथवर आम्ही ताठ मानेने बोलतो. पुढचे बोलताना मान खाली जाते.

राज कपूरकडे स्वतःचा स्टुडिओ होता. 'जोकर'ने बुडवले, ते १९७३ च्या 'बॉबी'ने भरून काढले. आपल्या पोरांकडे काय आहे? पहिल्या आठवड्यात सिनेमा पडला की पुढच्याला पैसा लावणारा पाठ फिरवतो. वीस वर्षांनी आपण जयंतीला तो सिनेमा दाखवला, तर त्या पोराच्या हाती काय पडते?

४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळेंचा 'झुंड' लागला. विजय बारसे यांच्या कामावर बेतलेली नागपुरातल्या झोपडपट्टीची गोष्ट, पडद्यावर नागपूरचीच पोरे, आणि भीमजयंतीत बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अमिताभ बच्चन. आठवड्याने, ११ मार्चला, 'द काश्मीर फाइल्स' आला आणि अनेक राज्यांत करमुक्त झाला. मग 'झुंड' का नाही, असे त्याच्या एक निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी जाहीर विचारले. हा दुजाभाव होताच, आम्हीही त्यावर तावातावाने लिहिले. पण तिकीट? आमच्या दहा-बारा जणांच्या गटात दोघांनी काढले. बाकीच्यांनी मोबाइलवर आलेली चोरीची प्रत पाहिली. काहींनी ती पुढे पाठवली, खाली 'जय भीम' लिहून.

कोणी म्हणेल, नागपूर शंभरेक किलोमीटर, नॅरोगेजची गाडी २०१९ पासून बंद, रोजी पाडून सिनेमा कोण पाहणार? खरे आहे. पण आपल्याच झाडीपट्टीकडे पाहा. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. तोच मजूर, तोच शेतकरी तिकीट काढून मंडपात बसतो, पहाटे उठून कामाला जातो. ही रंगभूमी त्याच्या तिकिटावर उभी आहे. कारण नाटक त्याच्या गावात येते. मग सिनेमा का आणू नये? निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यायची, पडदा लावायचा, वीस-तीस रुपये तिकीट ठेवायचे, हिशेब फळ्यावर लिहायचा आणि निर्मात्याचा वाटा निर्मात्याला पाठवायचा. हे सिनेमा नवा असतानाच झाले पाहिजे. त्याला 'कल्ट' व्हायला लावून नव्हे.

जयंतीच्या हिशेबाच्या बैठकीत आम्ही हा विषय ठेवला. एका कार्यकर्त्याने शंका काढली, "तिकीट लावलं तर समाज येईल का?" मागून एक आजी म्हणाली, "नाटकाले जात नाही का आमी?" त्यावर सगळे हसले. डीजेची रक्कम कमी करून पडदा आणि प्रोजेक्टर घ्यायचा की नाही, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.