अंगणातली शेगडी

रमजानचा महिना चांद्र कालगणनेप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मे-जूनच्या कडक उन्हातले रोजे त्यामुळे मागे पडले आणि रमजान पुन्हा थंडीच्या दिवसांत शिरतो आहे. २०३० मध्ये तर तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा सुरू होईल. हिवाळ्यातला रोजा लहान असतो, तहानही कमी लागते. पण जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात सूर्य कलला की गारठा वाढतो. मगरिबच्या अजानला खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, तेव्हा पोटाबरोबर अंगालाही ऊब हवी असते.

अंगणात शेगडी पेटवून मांस भाजणे दख्खनी मुस्लिम घरांना नवे नाही. मात्र भाजायचे तर बोकडाच्या मांडीचेच मटण हवे, पाहुण्यांपुढे महागडेच ताट हवे, असा समज वाढत चालला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला हे झेपत नाही. मग उसनवारी होते, नाही तर इफ्तारला कुणाला बोलावणेच टळते. कुरआनने उधळपट्टीला मनाई केली आहे. ज्या महिन्यात भूक समजून घ्यायची, त्याच महिन्यात ताटाची चढाओढ शोभत नाही.

स्वस्त मांसही शेगडीवर उत्तम होते. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही आणि ते बोकडाच्या मटणापेक्षा बरेच स्वस्त पडते. त्याचे पसंदे करावेत. धाग्यांच्या आडवे पातळ काप काढावेत, सुरीच्या पाठीने ठेचावेत आणि अर्धा किलोला चमचाभर वाटलेली कच्ची पपई, आले-लसूण, मिरची व मीठ लावून दोनेक तास ठेवावेत. पपई रात्रभर राहिली तर मांसाचा लगदा होतो. या मांसात चरबी कमी असते, म्हणून भाजताना वरून तेल लावावे. कोळशावर राखेचा पांढरा थर धरल्याशिवाय मांस ठेवू नये. नळी आणि पाये मात्र पातेल्यात मंद आचेवरच शिजवावेत.

पण पैशांची बचत हा शेगडीचा लहान फायदा आहे. मोठा फायदा घरातल्या बाईचा आहे. तिचाही रोजा असतो. तरी असरपासून मगरिबपर्यंत तीच चुलीपुढे उभी असते, पहाटे सहेरीसाठीही तीच सर्वांत आधी उठते. पुरुष अजानच्या वेळी दस्तरखानावर येऊन बसतात. प्रेषित हजरत मुहंमद (स.) घरातल्या कामांत हात लावत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. दाढी आणि टोपीतली सुन्नत आवर्जून पाळणाऱ्यांनी ही सुन्नतही आठवावी. शेगडी पुरुषांनी पेटवावी, काप मुलांनी उलटावेत आणि आईने एक दिवस तरी शेकत बसावे.

रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्याला त्यातले द्यावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. शेजारी मांस खात नसेल, तर त्याच्यासाठी वेगळ्या शेगडीवर रताळी आणि सातगाव पठाराचे बटाटे भाजता येतात.

या भागात दोन गोष्टींचे भान मात्र हवे. उसाच्या फडांमुळे बिबट्या घराजवळच असतो. त्यामुळे शेगडी शेताच्या बांधावर न मांडता उजेडाच्या अंगणात मांडावी, मुलांना नजरेआड होऊ देऊ नये आणि हाडे उकिरड्यावर टाकण्याऐवजी पुरावीत. हाडांमागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. दुसरे म्हणजे, थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत नेऊ नये. कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

तरावीहला निघण्याआधी ताटे कुणी धुतली, यावरूनही त्या घराचा रमजान कळतो.