कुणीतरी वाट पाहत असते

अमेरिकेतील एक मुलगी घरातील छळाला कंटाळून पळून गेली. त्यानंतर एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत तिची रवानगी होत राहिली. बाहेर पडल्यावर डोक्यावर छप्पर नव्हते. ओसाड इमारतींच्या आश्रयाने रात्री काढाव्या लागल्या. ज्यांनी सांभाळायचे त्यांनीच घात केल्यामुळे माणसावरचा तिचा विश्वास उडाला होता. अशा अवस्थेत जोनी नावाचे एक जर्मन शेफर्ड जातीचे कुत्रे तिच्या आयुष्यात आले. त्याला तिच्या पूर्वायुष्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याला खाऊ घालायचे, फिरवायचे, शिकवायचे, एवढीच जबाबदारी तिच्यावर होती. ती पार पाडता पाडता तिच्या मनाला हळूहळू उभारी आली. सोबत कुत्रे असल्यामुळे भीती कमी झाली आणि रस्त्यावरची माणसे तिच्याशी आपणहून बोलू लागली.

या मुलीचे नाव पॉलीन क्विन. पुढे त्या ख्रिस्ती धर्मातील डोमिनिकन पंथाच्या भगिनी झाल्या. आपण ज्या आधाराने उभे राहिलो तो आधार अधिक खचलेल्या माणसांपर्यंत न्यावा, असे त्यांना वाटू लागले. अशी माणसे त्यांना तुरुंगात दिसली. वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बर येथे स्त्रियांचा तुरुंग आहे. तेथील बंदिवान स्त्रियांच्या हाती निराधार कुत्री सोपवावीत, त्यांनी ती शिकवून तयार करावीत आणि मग ती अपंग व आजारी व्यक्तींना मदतनीस म्हणून द्यावीत, अशी ती कल्पना होती. ज्यांच्यावर समाजाचा विश्वास नाही त्यांच्या हाती मुका जीव द्यायचा, ही गोष्ट सहजासहजी कुणाच्या गळी उतरणारी नव्हती.

त्यांच्या पाठीशी उभे राहिले डॉ. लिओ बस्टाड. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता होते. दुसऱ्या महायुद्धात युद्धबंदी म्हणून त्यांनी स्वतः छावणीतले दिवस काढले होते. बंदिवास माणसाचे काय करतो, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. 1981 साली या उपक्रमाचा आरंभ झाला. पुढे अमेरिकेतील अनेक तुरुंगांत असे प्रयत्न झाले. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या तुरुंगात 1997 पासून कुत्र्याची लहान पिल्ले वाढवली जाऊ लागली. सुमारे आठ आठवड्यांची पिल्ले तेथे येतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या बंदिवानांबरोबर कोठडीतच राहतात.

या उपक्रमांत माणूस कसा बदलतो, हे पाहण्यासारखे आहे. बंदिवानाचा दिवस दुसऱ्याच्या आज्ञेने सुरू होतो आणि दुसऱ्याच्या आज्ञेने संपतो. स्वतःहून काही ठरवण्याची सवयच मोडून जाते. पिल्लू आले की पहाटे त्याला बाहेर न्यावे लागते, ठरल्या वेळी खाणे द्यावे लागते, त्याचे दुखलेखुपले ओळखावे लागते. मन बरे नाही म्हणून पांघरूण ओढून पडून राहता येत नाही. रागावून ओरडले तर कुत्रे बिचकते आणि शिकलेलेही विसरते. स्वर सौम्य ठेवला, एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितली आणि जमल्याबरोबर पाठीवरून हात फिरवला, तरच ते शिकते. कुत्र्याला शिकवणाऱ्याला आधी स्वतःच्या क्रोधाला आवर घालावा लागतो. जी शिस्त बाहेरून लादून आली नसती ती अशी आतून येते.

यातील सर्वांत कठीण प्रसंग शेवटी येतो. शिक्षण पूर्ण झाले की कुत्रे निघून जाते. महिनोन्महिने ज्याच्या श्वासाच्या आवाजात झोप लागली त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. डोळ्यांत पाणी येते. तरीही दोरी दिली जाते, कारण तेथे कुणीतरी त्याची अधिक वाट पाहत असते. आपल्याकडे अपरिग्रहावर पुष्कळ बोलले जाते. वस्तूंचा परिग्रह कमी करणे अवघड आहेच. परंतु जीव लावून वाढवलेल्यावरचा हक्क सोडणे त्याहून अवघड. कदाचित प्रवचनाचा एकही शब्द न ऐकलेल्या या स्त्रिया तो धडा प्रत्यक्ष गिरवतात.

आपल्या समाजाला जीवदया नवी नाही. मुंबईची पांजरापोळ 1834 सालची. तिच्या स्थापनेत पारशी आणि जैन अशा दोन्ही समाजांच्या धुरिणांचा हात होता. आजही पर्युषणात आणि पुण्यतिथीला पांजरापोळींना देणग्या दिल्या जातात. ते योग्यच आहे. त्यावर अनेक जीव जगतात. मात्र देणगीची पावती मिळाली की तो व्यवहार तेथे पूर्ण होतो. रोज सकाळी सात वाजता एका जीवासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसाचा व्यवहार पूर्ण होतच नाही, आणि त्याचे भाग्य त्यातच आहे.

निवृत्तीनंतर अनेक घरांत एक विचित्र पोकळी येते. पेन्शन वेळेवर जमा होते, मुले दूरगावाहून फोन करतात, कशाची उणीव नसते. परंतु आपण उठलो नाही तर कुणाचे अडेल, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. एखाद्या कुत्र्याची जबाबदारी हे त्याचे साधे उत्तर ठरू शकते. कुत्र्याबरोबर फिरणाऱ्याला शेजारी थांबवून चौकशी करतात, लहान मुले भोवती जमतात. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे केवळ मान हलवून ओळख होती त्यांची नावे कळतात.

अर्थात हे पाऊल विचारपूर्वक उचलावे. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते पंधरा वर्षांचे असते. आपल्या प्रकृतीने साथ दिली नाही तर त्याचे कोण करील, हे आधी ठरवावे. रेबीजची लस आणि इतर लसीकरण चुकवू नये. दुसऱ्या कुणाला उपद्रव होऊ नये, याची काळजी घेणे हादेखील जीवदयेचाच भाग आहे. घरात कुत्रे ठेवणे शक्य नसेल तर जवळच्या पांजरापोळीत किंवा प्राण्यांच्या निवाऱ्यात आठवड्यातून दोन सकाळी तरी जावे. धनादेश पाठवावाच, पण त्याच्यामागोमाग आपणही जावे. काही दिवसांतच तेथील एखादे कुत्रे पावलांचा आवाज ओळखून फाटकाशी येऊन उभे राहील.