कुरुंदाची दोन लेकरे

नवग्रहांच्या रत्नांत सूर्याचे माणिक आणि शनीचा नीलम. पुराणांतरी शनी हा सूर्याचाच पुत्र. परंतु पितापुत्रांत हाडवैर असल्याने ही दोन रत्ने एका हाती धारण करू नयेत, असा दंडक ज्योतिषी सांगतात. नवरत्नांच्या अंगठीत मात्र दोघेही शेजारी शेजारी सुखाने कसे नांदतात, हे कोडे मला अद्यापि उलगडलेले नाही.

खनिजशास्त्राचे मत याहून निराळे आहे. माणिक व नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपे होत, आणि ते खनिज म्हणजे आपला कुरुंद! ज्याच्या चुऱ्याने कारागीर सुऱ्यांना धार लावतात व दगड घासतात, तोच. अॅल्युमिनियम व प्राणवायू यांच्या संयोगाने हा बनतो. मोस या जर्मन पंडिताने १८१२ साली काठिण्याची जी श्रेणी लावली तीत हिऱ्याचा अंक १० व कुरुंदाचा ९. समान आकाराच्या पाण्याच्या तो सुमारे चौपट जड भरतो. शुद्ध असला तर त्यास रंगच नसतो. क्रोमियमचा अल्प अंश मिसळला की तो लाल होऊन सूर्याच्या पदरी जातो. लोह व टायटॅनियम मिसळले की निळा होऊन शनीच्या. बाजारात गुरूचा म्हणून मिळणारा पुष्कराजही बहुधा पिवळा कुरुंदच असतो. काही खड्यांत दुसऱ्या एका खनिजाच्या सूक्ष्म सुया तीन दिशांनी गुंफलेल्या असतात. असा खडा घुमटाकार घासला म्हणजे उजेडात त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. हे दृश्य मी एकदा पाहिले आहे, आणि जुन्या लोकांना त्यात दैवी अंश का भासला असेल ते मला त्या क्षणी कळले.

आपले पूर्वज या बाबतीत अगदीच अंधारात नव्हते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पद्मरागाची उत्पत्ती सांगताना कुरुविंदाचे नाव घेतले आहे. गरुडपुराणातील कथेप्रमाणे बल नामक असुराच्या रक्तापासून माणके झाली व नेत्रांपासून नीलमणी. दोन्ही सिंहलद्वीपी पडली. म्हणजे पुराणकारानेही ती एकाच देहातून काढली! लंकेतील रत्नपुराच्या परिसरात आजही दोन्ही सापडतात. अशा कथा मला मनापासून प्रिय आहेत. माझी तक्रार कथेविरुद्ध नाही. कथेच्या नावाने जी पावती फाडली जाते तिच्याविरुद्ध आहे.

आमच्या एका काकांना साडेसाती लागली. नीलम लाभला तर रंकाचा राव करतो, न लाभला तर रावाचा रंक, असे ऐकून त्यांनी तो तीन रात्री उशाखाली ठेवून पाहिला. वाईट स्वप्न पडले नाही. मग काकूंच्या पाटल्या मोडल्या व खडा सोन्यात मढविला. पुढे काकांना बढती मिळाली, मुलीचे लग्न जमले. अंगठीची कीर्ती नात्यागोत्यांत पसरली. बारा वर्षांनी ती सैल करावयास दिली असता एका जाणकाराने भिंगाखाली पाहून सांगितले की, खडा भट्टीतला आहे. खाणीतल्या खड्यात वाढीच्या रेषा सरळ असतात. यात त्या वक्र होत्या व हवेचे बुडबुडेही होते.

व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत भुकटी वितळवून माणके करण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध केली. पुढे त्याच रीतीने नीलमही होऊ लागले, आणि असे खडे फार स्वस्त पडतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तो खडा काच नव्हता. द्रव्य तेच, काठिण्य तेच, रंगाचे कारणही तेच. व्यापाऱ्याने फसविले ते किमतीत, कारण खाणीतल्या खड्याचे दाम घेऊन त्याने भट्टीतला दिला. ज्योतिष्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, कृत्रिम रत्नास फल नसते. मग बारा वर्षे जे फल मिळाले ते कोणाचे? माझ्या मते ते काकांच्या कष्टांचे व काकूंच्या काटकसरीचे होते, आणि त्याचे श्रेय एका निळ्या खड्यास देणे हा त्या दोघांवर अन्याय आहे. हौसेने, ऐपतीप्रमाणे, परीक्षा करवून कोणी नीलम घ्यावा. तो सुंदरच आहे. भयाने व कर्जाने घेऊ नये.

हे सर्व मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व अंगठी पुन्हा बोटात घातली. काकूंच्या हाती काचेच्या बांगड्या आहेत.

परवा त्यांच्या दारी धारवाला आला. काकूंनी विळी दिली. चाक कशाचे म्हणून मी विचारले, तेव्हा "कुरुंदाचे" असे तो म्हणाला. ठिणग्या उडत होत्या, आणि काका ओटीवर उभे राहून पाच रुपये कमी करण्यासाठी त्याच्याशी घासाघीस करीत होते.