बेकाराने शिकायचे कशावर?

शिक्षणाला वय नसते, असे आपले पुढारी प्रत्येक पदवीदान समारंभात सांगत असतात. ते खरेही आहे. परंतु शिकणाऱ्याला पोट असते आणि त्याच्या एका मिळकतीवर घरातली आणखी चार पोटे चालत असतात, ही गोष्ट त्या भाषणांत येत नाही आणि अर्थसंकल्पातही येत नाही. आम्ही आज हा विषय काढीत आहोत तो भुदरगड तालुक्याकडे पाहून. वेदगंगेच्या खोऱ्यातल्या आणि त्यावरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी बाहेर पडत आली. आधी ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९८२ च्या संपानंतर ती वाट बुजली, तेव्हा पुण्याकडे आणि आमच्या शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींकडे वळली. तेथे कंत्राटाची मुदत संपली की तिशीच्या आतबाहेरचा तरुण पुन्हा गारगोटीच्या एस.टी. स्थानकावर उतरतो. त्याच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र असते आणि त्या प्रमाणपत्राला आता कोणी विचारीत नाही, हेही त्याला कळून चुकलेले असते.

अशा माणसाने दोन वर्षे विजतंत्रीचे शिक्षण घ्यायचे ठरवले, तर कायदा त्याच्या आड येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. फीही फारशी नाही. मग अडते कोठे? अडते ते हजेरीपाशी. शेकडा ऐंशी हजेरी भरली पाहिजे, आणि ती योग्यच आहे. वीजजोडणी काही पुस्तक वाचून येत नाही. पण दिवसभर कार्यशाळेत उभा राहणारा माणूस मजुरीला केव्हा जाणार? या संस्थांतील पात्र प्रशिक्षणार्थींस शासन विद्यावेतन देते. ते कित्येक वर्षे दरमहा ४० रुपये होते, हे आज सांगूनही कोणास खरे वाटणार नाही. २०२३ साली ते ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ साडेबारा पटीची म्हणून तिचे कौतुकही झाले. ५०० रुपयांत एका कुटुंबाचा महिना कसा निभावतो याचा हिशेब मात्र कौतुक करणाऱ्यांनी मांडला नाही.

आता याच शासनाचे दुसरे पारडे पाहावे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. १८ ते ३५ वयाच्या बेकार तरुणाने एखाद्या कचेरीत वा कारखान्यात सहा महिने काम शिकावे आणि बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका घेतलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मिळावेत, अशी ती योजना. ही मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. तरुणाच्या हाती काही पडले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या योजनेत एक अट अशी घातली गेली की, ज्याचे शिक्षण चालू आहे तो तिला पात्र नाही. म्हणजे बारावी झालेला तरुण कचेरीत फायली लावीत बसला तर त्याला ६,००० आणि तोच कार्यशाळेत जाऊन हातात कसब आणू लागला तर ५००! जो मुदत संपल्यावर होता तेथेच राहण्याचा संभव अधिक, त्याच्यावर सरकारची बारा पट मर्जी, हे अर्थशास्त्र आमच्या आकलनापलीकडचे आहे. मुदत संपल्यावर कायम करून घ्या म्हणून या प्रशिक्षणार्थींना मोर्चे काढावे लागले, यातच सारे आले.

कोणी म्हणेल, शासनाने फी माफ केली नाही काय? केली. २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच होता. पण फी माफ करून शिक्षण होत नाही, शिकणाऱ्याच्या भाकरीची सोय लागते, हे करवीरकरांना नव्याने कोणी सांगावयास नको. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी केली, ती हेच ओळखून. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात येऊन जेवणार कोठे, हा प्रश्न महाराजांनी शाळेच्या प्रश्नाआधी सोडवला. आमचे म्हणणे इतकेच की, जो प्रश्न तेव्हा बारा वर्षांच्या मुलाचा होता तो आज अठ्ठावीस वर्षांच्या बापाचा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याला ‘कमवा आणि शिका’ हे उत्तर दिले. त्या उत्तराने बहुजन समाजाच्या हजारो मुलांचे भाग्य उघडले, आणि त्याविषयी आम्ही अनादराने बोलू असे कोणी मनातही आणू नये. परंतु ते उत्तर वसतिगृहातल्या सड्या मुलाचे होते. ज्याच्या मागे म्हातारी आई, बायको आणि बालवाडीतले पोर आहे, त्याला दोन तास बागेत खणून आपले जेवण सुटले एवढ्याने भागत नाही. दुसरे उत्तर मुक्त शिक्षणाचे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून कामकरी स्त्रीपुरुषांना पदवीची वाट खुली केली, हे उपकार मोठेच. पण परिचारिकेचे, यंत्रकामाचे, स्थापत्याचे शिक्षण रविवारच्या संपर्कसत्रांवर होत नाही. गरिबाला अर्धवेळ आणि ज्याच्या घरी आहे त्याला पूर्णवेळ, अशी वाटणी आपण नकळत करून बसलो आहो.

गारगोटीच्या नावाला या विषयात अधिकार आहे. आमच्याच जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक आणि डॉ. व्ही. टी. पाटील यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास तेथे श्री मौनी विद्यापीठ उभारले. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. पुढे केंद्र सरकारने देशात ज्या पहिल्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था निवडल्या, त्यांत गारगोटी होती. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाने, रेल्वेपासून दूर असलेल्या एका गावी हे घडले. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेल्या नाईकांनी आपल्या शिक्षणपद्धतीचा एक दोष वारंवार दाखवला. तीत आत शिरण्याचे दार एकच, ते बालपणी, आणि चालायचे ते ओळीने व पूर्णवेळ; मध्ये गळलेल्यास पुन्हा आत येता येत नाही. वयाचे दार आता बऱ्याच ठिकाणी उघडले आहे, हे कबूल केले पाहिजे. उंबऱ्यावर अडवणारी गोष्ट आता वेगळी आहे, ती म्हणजे खर्ची.

प्रौढाला पोसून पूर्णवेळ शिकवणे ही कल्पना आमच्या देशाला परकीही नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा हेच केले. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. शाळा सुटलेल्या स्त्रियांना थोड्या वर्षांत परीक्षेस बसवून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका होण्याच्या लायकीचे करावे, हा त्यांचा हेतू. हातात जे होते ते आपण वाढवले नाही, एवढेच म्हणता येईल.

परदेशांत हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची फी भरलीच, शिवाय निर्वाहासाठी सड्या माणसाला महिना ५० आणि संसारी माणसाला ७५ डॉलर दिले. सुमारे ७८ लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. स्वीडनने १९९७ ते २००२ या काळात बेकार प्रौढांना माध्यमिक शिक्षण पुरे करण्यासाठी बेकारभत्त्याइतकीच रक्कम दिली. ती देण्यामागे दया नव्हती. रिकामा बसवून जो पैसा द्यायचाच आहे तो शिकवून द्यावा, हा व्यवहार होता.

यात लबाडी होईल, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेतही केवळ सरकारी पैसा उकळण्यासाठी नामधारी शाळा निघाल्या आणि १९५२ च्या कायद्यात नियम आवळावे लागले. आमच्याकडे तर कागदोपत्री महाविद्यालये काढण्याची विद्या चांगलीच प्रगत आहे! म्हणून भत्ता प्रथम फक्त सरकारी औद्योगिक संस्था, सरकारी व अनुदानित तंत्रनिकेतने आणि परिचर्या शाळा यांपुरता असावा, तो हजेरी पाहून दरमहा थेट शिकणाऱ्याच्या खात्यात जावा आणि वर्षाची परीक्षा बुडवणाऱ्याचा थांबावा.

पैसा कोठून आणायचा? महाराष्ट्राने एकदा याचे उत्तर काढले आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम उभे राहिले आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीसाठी वर्षाला काही रक्कम द्यावी, हे तत्त्व तेव्हा सर्वांनी मान्य केले, आणि तो कर आजही पगारातून कापला जातो. तेव्हाचा बेकार खडी फोडण्यास तयार होता, म्हणून त्याला खडीचे काम दिले. आजचा बेकार बारावी झालेला आहे आणि शिकण्यास तयार आहे, तर त्याच कराचा एक वाटा त्याच्या शिकण्याला का लागू नये? संसारी प्रौढास दरमहा ८,००० रुपये धरले तर वर्षाचे ९६,००० होतात. जिल्ह्यातील एक हजार जणांसाठी ९ कोटी ६० लाख. युवा प्रशिक्षणासाठी तिजोरी उघडणाऱ्या शासनास ही रक्कम जड नाही.

आमची मागणी म्हणून अगदी मोजकी आहे. येत्या अर्थसंकल्पात पंचवीस वर्षांवरील, नोकरी गेलेल्या वा न मिळालेल्या स्त्रीपुरुषांसाठी असा निर्वाहभत्ता धरावा. शिक्षण चालू असलेल्यास वगळणारी अट अशा योजनांतून काढावी. आणि राज्यभर एकदम करण्याची छाती नसेल तर भुदरगड, राधानगरी, आजरा या तीन तालुक्यांत दोन वर्षे करून पाहावे. जिल्ह्याच्या आमदारांपैकी कोण हा प्रश्न सभागृहात मांडतो, ते आम्ही याच पानावर छापू.