छू म्हणणं सोपं असतं

कारवानी कुत्र्याला पळायला शिकवावं लागत नाही. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि काटक पाय घेऊनच ते जन्माला येतं. रानात काही हललं की त्याची नजर तिकडंच. शिकवायचं असतं ते परत येणं. आज येलदरीच्या आसपास जी पोरं पैसे मोजून पिल्लं आणतात, त्यांना नेमकं हेच ठाऊक नाही. त्यांना येतं फक्त ‘छू’.

आमच्या लहानपणी बंदूक असायची एखाद्या वाड्यात, खुंटीला. बाकीच्यांची शिकार कुत्र्याच्या भरवशावर. पिल्लाची शाळा भाकरीपाशीच सुरू व्हायची. नाव घेऊन हाक मारायची. आलं की तुकडा. न आलं तर तुकडा नाही, पण काठीही नाही. ‘हाणलेलं कुत्रं जवळ येत नसतंय बाप्पा, लांबूनच बघतंय,’ असं जुनी माणसं सांगायची. मग जाणत्या कुत्र्याच्या जोडीनं रानात. वर्षाचं होईस्तोवर लांब पल्ला नाही. हाडं कच्ची असतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात पाय गेला की मोडलाच. तुरीचं धसकट पंजात घुसतं. म्हणून रान बघून सोडायचं, भरल्या पोटी तर कधीच नाही. ऐन पाठलागात हाकेला वळलं, की कुत्रं तयार झालं म्हणायचं.

आताची तऱ्हा काय? पिल्लाला उपाशी ठेवायचं, पट्टा काढायचा, मागं मोटरसायकल पळवायची आणि मोबाईलवर शूटिंग करायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी सशाचीही शिकार बंद केली. बरंच झालं. पूर्णेवर धरण झालं, खोऱ्यातलं रान पाण्याखाली गेलं, उरलेलं नांगराखाली. सशानं राहावं कुठं?

पण काही शहाणे विचारतात, ‘शिकारच बंद, तर शिकवायचं कशाला?’ अहो, शिकार बंद झाली म्हणून कुत्र्याचे पाय बंद झाले का? न शिकवलेलं कुत्रं धनगराच्या कोकरावर जातं. मग कुणीतरी भाकरीत विष घालतं. कुत्रं मरतं, सोडणारा नामानिराळा राहतो, आणि संशय आधी जातो पारध्याच्या पालावर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. गावाच्या नजरेतून अजून पुसायचाय.

शहरातले लोक हेच कुत्रं चौथ्या मजल्यावर बांधतात आणि देशी जात वाचवली म्हणतात. तेही नको. त्याला मोकळं रान लागतं आणि ओळखीची हाक लागते.

शिकार गेली, जाऊ द्या. शिकवण ठेवा. ज्याला आपलं कुत्रं एका हाकेत माघारी बोलावता येत नाही, त्यानं त्याच्या गळ्यातला पट्टा काढूच नये.