मेंढी काळी असते

बालवाड्यांच्या भिंतींवर हल्ली प्राण्यांची गर्दी असते. कागदी ताटलीचा सिंह, कापसाची पांढरीशुभ्र मेंढी, कार्डशीटचा पेंग्विन. वर्गात जितकी मुले तितके सिंह, आणि सगळे एकाच तोंडावळ्याचे. आकार बाईंनी कापलेला, डोळे दुकानातून आणलेले, उरलेले काम रात्री आईने उरकलेले. मुलाच्या वाट्याला आले फक्त डिंक लावून सांगितल्या जागी चिकटवणे. याला कला म्हणायला माझा विरोध आहे, आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीसारख्या गावात तर तो अधिकच तीव्र आहे.

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार महाराष्ट्रभर ठाऊक आहे. इथल्या चार वर्षांच्या पोराला बैल तक्त्यावरून शिकवावा लागत नाही. खिलाराची मागे वळलेली लांब शिंगे, वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी त्याने जवळून पाहिलेली असते. घेणारा बैलाचा ओठ वर करून दात बघतो, दूधदात असतील तर ‘आदत’ म्हणतो, सगळे दात आले असतील तर ‘जुळलेला’, हेही त्याच्या कानावर असते. धनगरांच्या कळपातली दख्खनी मेंढी बहुतेक काळी असते आणि तिच्याच लोकरीचे घोंगडे घरात असते. अशा मुलाच्या हाती पांढरा कापूस देऊन ‘ही बघ मेंढी’ म्हणायचे, म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरवायचे.

कापण्या-चिकटवण्याने बोटांना वळण लागते, असे सांगतात. लागते, हे मान्य. पण काळ्या मातीने ते अधिक लागते. मूल आधी बैलाचे पाय काडीसारखे बारीक करते. अंगाचा भार पडला की बैल बसतो. मग कुणी न सांगता ते पाय जाड करते, कधी पोटाखाली पाचवा पाय लावते. माती फार ओली असली तर शिंगे वाकतात, फार सुकली तर तडकतात. भार, आधार, ओल यांचा विचार तिथे हातानेच चाललेला असतो. तयार सिंहाला मिशा चिकटवताना त्यातले काहीच घडत नाही. म्हणून पाचवा पाय दिसला की बाईंनी तो काढायला सांगू नये.

दूरचे प्राणीही मुलांना कळावेत, हा आक्षेप मला पटतो. पण पेंग्विनाकडे जाताना वाटेत शेजारच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट लागते, ते आधी करू द्या. बाजाराच्या गर्दीत लहान मुले न्यावीत, असेही मी म्हणत नाही. एखाद्या पालकाने करडू घेऊन अंगणात यावे, मुलांनी त्याचे कान चाचपावेत, खूर बघावेत आणि मग माती हातात घ्यावी.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती यांवर बालशिक्षण उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच गुरांमागे नेली. ज्या महाराष्ट्रात हे घडले, तिथे गुरांच्या बाजारगावातल्या मुलाने दुकानातले डोळे चिकटवत बसावे, याचे मला दुःख होते.

खरी अडचण पालकांची आहे. फी भरलेली असते आणि मूल घरी ओबडधोबड ढेकूळ आणते. शिक्षिकांना त्याची धास्ती वाटते, म्हणून त्या स्वतः कात्री घेतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही, पालकांशी बोलायला हवे. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात प्रत्येक प्राण्याशेजारी तो घडवताना मूल काय बोलले तेवढे बाईंनी लिहून ठेवावे. ‘ही गाय गाभण आहे, म्हणून पोट मोठं.’ ‘याला विकायचा नाही.’ एवढे वाचले की कोणताही शेतकरी बाप ते ढेकूळ हातात घेऊन नीट बघेल.