फादर आर कमिंग!

सुट्टीत निपाणीत गल्लीतल्या पहिली-दुसरीच्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो. कॉलेजात कधी कोणी विचारत नाही असे प्रश्न इथे पडतात. "खुर्ची ती, मग चेअरला शी का नाही?" एका मराठी मुलीने विचारले. बरोबरच आहे! मराठीत पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. मी नियम सांगायच्या आत शेजारचा कानडी मुलगा म्हणाला, "ते सगळं अदु!" कानडीत वस्तूंना आणि जनावरांना 'अदु', म्हणजे थेट इंग्रजीतले 'इट'. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून जिच्यावरून आपल्याकडे भांडण, त्या भाषेनेच आमचा धडा सोपा केला. (हे सभेत कुठे बोलू नका!)

गाडी अडली ती वडिलांपाशी. 'माय फादर इज कमिंग' म्हणायला दोघेही तयार होईनात. मराठीत 'बाबा आले', कानडीत 'अप्पा बंदरु'. आदरार्थी बहुवचन दोन्हीकडे. "फादर आर कमिंग!" दोघे एका सुरात. इंग्रजीत राणीलासुद्धा 'शी इज'च म्हणतात, असे मी समजावले.

मुलगी म्हणाली, "राणीचं राहू द्या सर, बाबांना 'तो' म्हटलं तर आई रागावेल."